जुनी ज्युकी, तिचे फीडर आणि बंगळूरचा डीलर

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं सगळं वाचायला नको. जुनी एसएमटी लाइन (सर्किट बोर्डावर बारीक भाग बसवणाऱ्या मशीनांची रांग) विकायला काढली असेल, तर बंगळूरच्या पीण्या भागातले हे डीलर पिक-अँड-प्लेस, म्हणजे भाग उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या मशीनसाठी जरूर बोलवावेत. रिफ्लो ओव्हन (बोर्ड तापवून सोल्डर वितळवणारी भट्टी) आणि वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणारं मशीन) मात्र त्यांना देऊ नये, ते इथेच आसपास विकावं. आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नये. नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि ती शेवटी मिटलेली आहे. मिटलेल्या भांडणाची जाहिरात कशाला?

आमचं युनिट नाशिकला, सातपूर एमआयडीसीत. एनर्जी मीटरची आणि रिलेची कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, भरून देतो, मध्यंतरी एलईडी ड्रायव्हरही केले. लाइन साधी होती: बोर्डावर सोल्डरची पेस्ट लावणारा सेमी-ऑटो स्टेन्सिल प्रिंटर, पिक-अँड-प्लेस म्हणून ज्युकी केई-२०५०, सात झोनचा ओव्हन आणि थ्रू-होलसाठी (भोकांतून पाय घालून बसवायच्या भागांसाठी) वेव्ह. ज्युकी २००७ सालची. आम्ही २०१८ मध्ये वापरलेलीच घेतली होती, सिंगापूरहून आलेली. कॅटलॉगात तिचा वेग तासाला १३,२०० कंपोनंट. आमच्या कार्डावर सात-आठ हजार मिळायचे आणि त्यात आम्ही खूश होतो. पण ही लेसरवाली. हेडवर चार नोझल, उचललेला कंपोनंट लेसरच्या झोतात फिरवायचा आणि त्याच्या सावलीवरून तो किती वाकडा आहे ते मोजायचं. रेझिस्टर, कपॅसिटर, छोट्या आयसी यांना झकास. बारीक पिचच्या, म्हणजे पाय फार जवळजवळ असलेल्या आयसीला मात्र कॅमेरा लागतो, म्हणजे ज्युकीचंच २०६० मॉडेल लागतं. गिऱ्हाइकांची नवी कार्डं सगळी तसलीच यायला लागली, तेव्हा नवी लाइन घेतली आणि जुनीने जागा अडवली.

ऑनलाइन जाहिरात टाकल्यावर जे फोन येतात त्यांच्यावर एक वेगळा लेख होईल. पहिला फोन भंगारवाल्याचा. "ताई, वजन किती?" म्हटलं, दीड टनाच्या आसपास. "बत्तीस रुपये किलोने घेतो, गाडी आपली." म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. त्याच्या हिशोबात काही चूक नव्हती, त्याला ते लोखंडच दिसत होतं. मग भिवंडीहून एक जण, एलईडी ट्यूबलाइटवाला. चार फुटी पट्टी जाईल का म्हणाला. आमच्या मशीनला बोर्ड ४१० बाय ३६० मिलिमीटरपर्यंत, त्यात चार फुटी पट्टी कुठून जाणार? तरी "लास्ट किती?" विचारायचं तो सोडेना. एकाला बिलच नको होतं, सगळी रक्कम रोख देतो म्हणाला. त्याला तिथेच नमस्कार केला. कंपनीच्या पुस्तकात असलेलं मशीन बिलाशिवाय गेलं, की पुढच्या ऑडिटला ते कुठे गेलं हे मला सांगत बसावं लागेल, त्याला नाही.

या बंगळूरच्या डीलरने फोनवर भाव विचारलाच नाही, हे मला पहिल्यांदा आवडलं. त्याने विचारलं ते असं: फीडर (टेपच्या रिळातून मशीनला एकेक भाग पुरवणारे) किती आणि कुठल्या मापाचे, कॅलिब्रेशन जिग (मशीनची मापं जुळवायचं साधन) आहे का, एमएस पॅरामीटरचा (मशीनच्या मापांच्या नोंदींचा) बॅकअप आहे का, मशीन चालू आहे की बंद करून कोपऱ्यात ठेवलंय. चालू आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग बंद करू नका. आमचा माणूस येईपर्यंत चालतंच ठेवा." फोटोंवरून सगळ्याचे मिळून सात लाख बोलला, पण "बघितल्यावर वर-खाली होईल" हेही तेव्हाच सांगितलं.

जो माणूस आला तो बेळगावचा निघाला. पंचविशी-तिशीतला पोरगा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये आयपीएची (साफसफाईच्या अल्कोहोलची) बाटली, दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या टेपचं रीळ आणि डोळ्याला लावायचं भिंग. चहा पुढे केला तर म्हणाला, "चहा नंतर घेतो की हो ताई. फीडर कुठं ठेवलासा?" आमचा टेक्निशियन त्याला मशीनकडे न्यायला निघालेला, हा मात्र फीडरच्या ट्रॉलीकडे वळला.

इथे जरा थांबते, कारण विकणाऱ्या बहुतेकांना हेच ठाऊक नसतं. जुन्या पिक-अँड-प्लेसमध्ये किंमत नुसत्या मशीनची नसते. फीडर नसलेलं मशीन घेणाऱ्याला फीडर वेगळे शोधावे लागतात, आणि आठ मिलिमीटरचे साठ फीडर गोळा करायचे म्हणजे मशीनच्या निम्म्या किमतीला जाऊन पोचतात. त्यामुळे या मुलाने अख्खी सकाळ फीडरवर घालवली. एकेक फीडर मांडीवर घ्यायचा, रिकाम्या रिळाची टेप त्यात ओवायची, लिव्हर दाबायची आणि भिंगातून बघायचं की टेपमधला खळगा बरोबर उचलायच्या जागी येऊन थांबतो की नाही. नऊ फीडर असे निघाले की खळगा केसभर पुढे जाऊन थांबत होता. आमच्या लाइनवर ते चालायचे, कारण त्यांच्यावर आम्ही मोठे कंपोनंट लावायचो, ०६०३ मापाचे बारीक भाग कधीच नाही. त्याने ते वेगळे ठेवले, प्रत्येकाला मास्किंग टेप लावून वर पेनाने फुली मारली. वरची कव्हर टेप ओढणारं चाक गुळगुळीत झालेले दोन-तीन फीडरही काढले होते, पण ते त्याने तिथेच बसून साफ केले आणि परत चांगल्यांत टाकले. मला ते बघून बरं वाटलं. भाव पाडायला आलेला माणूस असं करत नाही.

मग मशीन. लेसरच्या काचा कापसाने आयपीए लावून पुसल्या. पुसायच्या आधी आणि नंतर असे दोन्ही आकडे स्क्रीनवर बघितले. प्रत्येक नोझलच्या तोंडावर बोट ठेवून व्हॅक्यूम किती चढतो ते पाहिलं. तिसऱ्या नोझलला कमी चढत होता. फिल्टर बदलून पुन्हा बघू म्हणाला, आमच्याकडे नवा होता, बदलला, चढला. शेवटी खरी परीक्षा: एका कोऱ्या बोर्डवर ती दोन्हीकडून चिकटणारी टेप अंथरली आणि मशीनला ०६०३ रेझिस्टरच्या ओळी लावायला सांगितल्या. आडव्या, उभ्या, पंचेचाळीस अंशांत. बोर्ड बाहेर आला तेव्हा त्याने तो खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. डाव्या कोपऱ्यात ओळ किंचित सरकत होती. कॅलिब्रेशन जिग लावून पुन्हा चालवलं आणि ओळ सरळ आली. "जिग ठेवलासा म्हणून बरं. लई जागी जिगच नसतंय," म्हणाला. त्या जिगमुळे भाव नक्की किती वाढला ते तो बोलला नाही, पण वहीत काहीतरी लिहिलं.

बॅकअप फ्लॉपीवर होता. हो, फ्लॉपीवर. आमच्या टेक्निशियनने दरवर्षी नवी फ्लॉपी करून ठेवलेली, वर तारीख घालून. हसू नका, एमएस पॅरामीटर म्हणजे त्या एकाच मशीनची जन्मपत्रिका असते. हेड कुठे आहे, लेसर कुठे आहे, फीडर बँक कुठे सुरू होते, हे सगळं त्यात. हार्ड डिस्क गेली आणि बॅकअप नसेल, तर तीच कसरत पुन्हा शून्यापासून. ज्यांच्याकडे जुनं मशीन आहे त्यांनी विकायचं नसलं तरी आजच बॅकअप काढून ठेवावा.

दुपारी भावाची बैठक. डीलर फोनवर, त्यांचा माणूस समोर. मशीनचे ५ लाख ७५ हजार. आठ मिलिमीटरचे चांगले ५८ फीडर, ५,५०० रुपये नगाने. फुली मारलेले नऊ, १,५०० ने, सुट्या भागांसाठी. बारा, सोळा आणि चोवीसचे मिळून अकरा, ७,००० ने. बेरीज केली तर ९ लाख ८४ हजारांच्या वर जात होती. "राउंड करा मॅडम, ९ लाख ८०, वर जीएसटी." फोनवर सात बोललेला माणूस बघितल्यावर वर गेला, हे आमच्या धंद्यात फार वेळा घडत नाही. मी चार हजारांवरून घासाघीस केली नाही. आमच्या यजमानांनी केली असती.

२०६० असती तर याहून चांगला भाव मिळाला असता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. लेसरवाली २०५० आता एलईडीवाले, चार्जरवाले आणि शिकवायला मशीन हवं असलेली कॉलेजं घेतात. कॅमेरा असेल तर गिऱ्हाईक दुप्पट.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. त्यांनी सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही रास्त होते. पहिला: ईपीसीजीमध्ये (निर्यातीच्या अटीवर आयात ड्युटीत सूट देणाऱ्या सरकारी योजनेत) आणलंय का? त्या योजनेत मशीन आणताना जितकी ड्युटी वाचते तिच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते, आणि ती पूर्ण झाल्याचा कागद हाती येईपर्यंत मशीन विकता येत नाही. आमचं वापरलेलं म्हणून घेतलेलं, ड्युटी भरून आलेलं, त्यामुळे प्रश्न नव्हता. फक्त बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि तेव्हाचं चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट शोधून द्यावं लागलं. दुसरा: बँकेचा बोजा आहे का? होता. लोन फिटलेलं, पण बोजा उतरवायचा राहिलेला. बँकेच्या एनओसीला सगळ्यात जास्त वेळ लागला. विक्री काढायच्या आधी हे काम करून घ्या. तिसरा जीएसटीचा, तो सीएने सोडवला. मशीन घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर विकताना दर तिमाहीला पाच टक्के वजा करून उरलेलं क्रेडिट आणि विक्रीच्या किमतीवरचा कर, यांतलं जे जास्त ते भरायचं. पाच वर्षं उलटून गेली की पहिली रक्कम शून्यावर येते, मग विक्रीच्या किमतीवरचे अठरा टक्के एवढंच.

आता उचलण्याचा दिवस. इथे गुण कापले.

मशीन उचलायला त्यांनी नाशिकचीच एक टोळी ठरवली होती. हायड्रा क्रेन आली, अवजड माल हलवणारे खलाशी आले, आयशर ट्रक आला, सगळं वेळेवर. पण हेड बांधायला त्यांच्याकडे ब्रॅकेट नव्हतं. ज्युकीचं हेड एक्स आणि वाय दोन्ही दिशांना मोकळं सरकतं. ते न बांधता नाशिकहून बंगळूरला नेलं, तर प्रत्येक गतिरोधकाला ते आपटत जाणार. खलाशांचा मुकादम सुतळी काढून बसला. आमच्या टेक्निशियनने ते बघितलं आणि काही न बोलता स्टोअरमध्ये गेला. मशीन आलं तेव्हाचे शिपिंग ब्रॅकेट त्याने कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, बोल्टसकट. ते लावले. वर प्लास्टिक गुंडाळलं, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या, फीडर वेगळ्या खोक्यात फोमच्या खाचांत उभे. फोम त्यांनीच आणला होता आणि तो चांगला होता, हे कबूल. जे स्वतः मशीनं नेतात आणि आणतात त्यांच्या गाडीत ब्रॅकेट नसावेत, हे मात्र काही पटलं नाही.

आणि पैसे. ठरलं होतं असं: दोन लाख टोकन आधी, बाकी सगळं जीएसटीसह लोडिंगच्या आधी. लोडिंग झालं, ई-वे बिल निघालं, गाडी गेटपाशी. आरटीजीएसने यायचे पैसे नाहीत. फोन केला तर "मॅडम, आज शनिवार, बँक बंद, सोमवारी पक्कं." बँकांच्या सुट्टीचा शनिवार नव्हता. आणि आरटीजीएस तर आता चोवीस तास चालतं, २०२० च्या डिसेंबरपासून. मी एवढंच सांगितलं की गेटपास माझ्या टेबलावर आहे आणि पैसे आले की सही होईल. आवाज चढवला नाही. ड्रायव्हरला जेवण दिलं, गाडी आवारात आत घेऊन लावायला सांगितली. रात्री एकदा त्यांच्या माणसाचा फोन आला, तो बेळगावचाच, ओशाळलेला. "ताई, साहेब करतील की." म्हटलं, तुझा काही दोष नाही, तू झोप. दुसऱ्या दिवशी दुपारी, रविवारी, पूर्ण रक्कम आली. बँक बंद असताना.

नंतर कळलं ते असं, की पुढच्या गिऱ्हाइकाकडून त्यांना पैसे यायचे होते आणि ते आल्यावर ते आम्हाला देणार होते. धंद्यात असं चालतं हे मला ठाऊक आहे. पण मग तसं सांगावं, बँकेच्या नावाने कशाला?

त्यानंतरची सेवा बरी. मशीन बंगळूरहून पुढे कोइम्बतूरला गेलं, तिथे बसवताना त्यांच्या इंजिनिअरने आमच्या टेक्निशियनला दोन वेळा व्हिडिओ कॉल केला. फ्लॉपी वाचत नव्हती. याने दुसरी प्रत कुरिअरने पाठवली. त्याचे पैसे त्यांनी न मागता दिले, हेही लिहायला हवं.

ओव्हन आणि वेव्हसाठी त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला नाही एवढंच. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. सात झोनचा ओव्हन चार-साडेचार मीटर लांब, गाडीत जागा खातो, आणि नवे चिनी ओव्हन स्वस्तात मिळतात. भाड्यातच नफा जातो. ओव्हन आम्ही इथल्याच अंबडच्या एका एलईडीवाल्याला दिला. तो स्वतः थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) घेऊन आला, बोर्डला तीन ठिकाणी चिकटवले, तापमानाचा प्रोफाइल काढला. लेडफ्रीला, म्हणजे बिनशिशाच्या सोल्डरला, २४० अंशांच्या आसपास शिखर हवं, ते मिळालं. एका ब्लोअरचं बेअरिंग वाजत होतं त्याचे पाच हजार कमी केले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून घेऊन गेला. इन्शुरन्स नाही, फोम नाही, काही नाही. चाललाय व्यवस्थित.

वेव्हचा मामला निराळा. मशीन जुनं, शिसं असलेल्या ६३/३७ (टिन ६३, शिसं ३७ टक्के) सोल्डरचं, सोल्डर वितळवायचा पॉट साध्या स्टेनलेस स्टीलचा. तो लेडफ्रीला वापरता येत नाही. लेडफ्रीत टिन साडेशहाण्णव टक्के असतं, ते गरम असताना स्टेनलेसला हळूहळू खातं आणि एक दिवस पॉट गळायला लागतो. युरोपात जाणाऱ्या मालाला २००६ च्या जुलैपासून शिसं बंद, त्यामुळे निर्यातीची कार्डं करणारा कोणी हे मशीन घेणार नाही. पण पॉटमध्ये सव्वादोनशे किलो सोल्डर होतं. २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात टिन टनाला ३० हजार डॉलरच्या आसपास होतं, तुम्हीच हिशोब करा. मशीनपेक्षा आतला माल महाग. तो आम्ही वितळवून साच्यात ओतून काढला आणि सोल्डर पुरवणाऱ्याला दिला. त्याने तपासणी करून, त्यात साठलेल्या तांब्याची वजावट करून, लेडफ्री बारच्या बिलात रक्कम वळती केली. वर तरंगणारी राखही सोडली नाही. ती कचऱ्यात टाकायची नसतेच, शिसं असतं तिच्यात.

रिकामं मशीन घ्यायला मालेगावचा एक जण आला, इन्व्हर्टरची कार्डं करणारा. झाकण उघडून पॉटात वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, सोल्डरसकट बोलला होतात ना?" जाहिरात उघडून त्याच्यापुढे धरली. सोल्डरसकट हवं तर पाच लाख, म्हटलं. तो हसला, एक लाख दहा हजार मोजले, बिल घेतलं आणि रिकामंच भरून घेऊन गेला.